सभेआधी दुवा मागणारे कासमभाऊ

देवावर माझा फारसा भरवसा नाही आणि म्युनिसिपालिटीवर तर मुळीच नाही. तरीही या दोघांच्या मध्ये उभं राहून एकाकडे दुसऱ्यासाठी मागणं मागणारा एक माणूस मी जवळून पाहिला, आणि त्याच्याविषयी बोलायचं म्हटलं की माझी एरवीची तिखट जीभ मवाळ होते. कासमभाऊ मुलाणी त्यांचं नाव. आमच्या गावच्या म्युनिसिपालिटीची सभा सुरू होण्याआधी प्रार्थना म्हणायची, हे त्यांचं काम.

गावाचं नाव मी सांगत नाही, कारण त्या वेळच्या मेंबरांची नातवंडं अजून तिथंच राहतात आणि त्यांच्यापैकी निम्म्या मुलींना मी शिकवलं आहे. घाटमाथ्याजवळचं, रेल्वेच्या रुळांना धरून वाढलेलं मावळातलं गाव. मी पुण्याहून मुलींच्या शाळेवर हेडमास्तरीण म्हणून आले आणि दोन-चार वर्षांत सरकारने मला म्युनिसिपालिटीवर नेमलं. बायकांची म्हणून एक जागा भरायची होती आणि गावात न घाबरता बोलणारी बाई मीच होते, असं त्याचं कारण मला मागाहून कळलं.

प्रार्थनेचा पायंडा पाडला होता पहिल्या प्रेसिडेंटांनी. ते रेल्वेतले गोरे साहेब. त्यांच्या देशात म्हणे पार्लमेंट भरण्याआधी प्रार्थना होते आणि त्यासाठी एक पाद्री नेमलेला असतो. मग आमची म्युनिसिपालिटी काय कमी? साहेब रेल्वेवाल्यांच्या चर्चमधल्या पाद्र्याला घेऊन येत. पाद्री इंग्रजीत बराच वेळ बोले आणि मेंबर माना खाली घालून ऐकत. नव्या मेंबरांपैकी एकाला कितीतरी महिने वाटत होतं की पाद्री मागच्या सभेचं कामकाज वाचून दाखवतो आहे. तो प्रत्येक वेळी शेवटी "मंजूर" म्हणायचा.

पुढे साहेब विलायतेला गेले, पाद्र्याची बदली झाली, प्रार्थना मात्र राहिली. एकदा पडलेली चाल मोडायची तर ठराव लागतो आणि ठराव आणायची कुणाची हिंमत नव्हती. देवाच्या विरुद्ध मत दिलं असं बायकोला कोण सांगणार? मग प्रार्थना म्हणणार कोण, यावर रण माजलं. कुणी भटजींचं नाव सुचवलं, कुणी मारवाड्याच्या देवळातल्या पुजाऱ्याचं. शेवटी कुणीतरी थट्टेने म्हणालं, कासम मुलाणी काय वाईट आहे? आणि काय आश्चर्य, सगळे गप्प झाले. मुलाणी म्हणजे गावचा बलुतेदार. मराठ्यांच्या घरचं बकरं त्यानेच कापायचं, ही मावळातली जुनी रीत. तेव्हा मराठे मेंबरांना तो चालला, कारण त्यांच्या प्रत्येक घरी त्याचं येणं-जाणं होतं. ब्राह्मण आणि मारवाडी मेंबरांना चालला, कारण त्यांच्या घरी त्याचं काहीच काम नव्हतं.

मी पाहिले तेव्हा कासमभाऊ साठीकडे झुकलेले होते. उंच, किंचित वाकलेले, दाढी मेंदीने लाल केलेली. सभेच्या दिवशी डोक्याला धुतलेलं मुंडासं असे. वर्षाला एक मुंडासं, एवढाच म्युनिसिपालिटीकडून त्यांचा मान. त्या दिवशी ते सुरीला हात लावत नसत. रक्ताच्या हाताने मागायला जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सभेच्या दिवशी निम्म्या गावाला भाजी-भाकरी खावी लागे. आमच्या मेंबरांचं कशावरही एकमत होत नसे, पण पुढच्या सभेची तारीख रविवारी नको, हे मात्र बिनविरोध मंजूर व्हायचं.

त्यांची प्रार्थना मराठीत असे आणि ती चहाचा कप थंड व्हायच्या आत संपे. दोन्ही हात उघडे धरून ते म्हणत, "मालका, ही मानसं गावाचं काम कराया बसल्याती. त्येंला अक्कल दे. ज्येला अक्कल हाय त्येला दम दे. एकाच्या ताटातलं काडून दुसऱ्याच्या ताटात वाडायची बुद्दी कुनाला देऊ नगं." यात अल्ला नव्हता, राम नव्हता, येशू नव्हता. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आज विचाराल तर इतकं नेमकं मागणं मी कुठल्या देवळात ऐकलेलं नाही.

पण खरी गंमत प्रार्थनेच्या आधी होती. कासमभाऊंचा एक नियम होता आणि तो त्यांनी स्वतःच, कुणालाही न विचारता घातला होता. खोलीत बसलेल्या कुठल्याही दोघांमध्ये अबोला असेल, तर ते हात वर करत नसत. "अबोला असंल तर दुवा लागत न्हाई," इतकंच म्हणत आणि दारात उभे राहत. आता मावळातला अबोला म्हणजे काय चीज आहे ते बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्या कमिटीत आबा शेळके आणि नाना शेळके असे दोन चुलतभाऊ होते. इंदुरी गावी कुणाच्या तरी लग्नात कुणाची बैलगाडी पुढे लावायची, यावरून त्यांच्या बापांचं बिनसलं होतं. बाप गेले, बैल गेले, गाड्याही मोडल्या, अबोला तेवढा वाडवडिलांची इस्टेट म्हणून जपलेला. शेजारी शेजारी घरं, पण एकाच्या घराला आग लागली असती तर दुसऱ्याने ती पोस्टाने कळवली असती.

कासमभाऊंनी त्या दोघांना पहिल्याच सभेत धरलं. म्हणाले, गोड बोला असं मी म्हणत नाही, काहीही बोला, पण एकमेकांशी बोला. दोघेही घुम्यासारखे बसून राहिले. प्रेसिडेंट घड्याळ बघायला लागले. कासमभाऊ आपले दारात उभे. शेवटी आबा शेळके समोरच्या भिंतीकडे बघत नानांना म्हणाले, "सरक जरा." नाना सरकले. "झालं," म्हणत कासमभाऊंनी हात वर केले. तेव्हापासून दर सभेला आबांनी 'सरक' म्हणायचं आणि नानांनी सरकायचं, असा शिरस्ताच पडला. कधीकधी नाना मुद्दाम अडवून बसत, म्हणजे आबांना म्हणायला सोपं जाई. यालाही मी समेटच म्हणते.

माझीही त्यांनी गय केली नाही. आमचे प्रेसिडेंट वकील होते. मुलींच्या शाळेच्या आवाराला भिंत घालण्यावरून त्यांचं नि माझं वाजलं होतं. पुढच्या सभेला कासमभाऊ माझ्याकडे बघून थांबले. मी म्हटलं, आमचा अबोला नाही, मागच्या सभेत तासभर बोलत होतो. त्यावर ते म्हणाले, "तुमी अध्यक्षमहाराजांस्नी बोलत हुता, बाई. त्ये सन्माननीय सभासदांस्नी बोलत हुते. तुमी दोगं कुटं बोललासा?" सभेत प्रत्येकाने अध्यक्षांना उद्देशूनच बोलायचं, या नियमाचा त्यांना भारी राग. सरकारने अबोल्याची सोयच करून ठेवली आहे, असं ते सगळ्यांना सांगत फिरायचे. मी वकिलांना विचारलं, प्रकृती कशी आहे? ते म्हणाले, बरी आहे. भिंत पुढच्याच महिन्यात मंजूर झाली. त्यात प्रार्थनेचा वाटा किती आणि माझ्या जिभेचा किती, हे देव जाणे.

दुवा मागून झाली की ते आत बसत नसत. बाहेर ओसरीवर बाकडं होतं, त्यावर जाऊन बसत आणि सभा संपेपर्यंत हलत नसत. आतलं ऐकायचं नाही, असा त्यांचा कटाक्ष. आत एखाद्याचं डोकं तापलं की तो पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर येई आणि त्यांच्याशेजारी टेकत असे. कासमभाऊ ठरावाबद्दल चकार शब्द काढत नसत. पोराचा खोकला, म्हशीचं वेत, भाताची लावणी, असल्या चौकशा करत. मेंबर आत परत येई तेव्हा अर्धा निवळलेला असे. मेंबराच्या घरी आजारपण असो वा मयत, पहिला पोचणारा माणूस तेच. ब्राह्मण आळीत त्यांना ओसरीवर घेत नसत. ते अंगणात बसत आणि तिथूनच विचारपूस करत. याचा त्यांना राग नसेल असं मला वाटत नाही, पण तो त्यांनी कधी दाखवला नाही. मला मात्र तो माझ्याच लोकांचा यायचा आणि अजूनही येतो.

एकदा बाजार हलवण्याचा प्रश्न आला. जुना बाजार ठेवा म्हणणारे एका बाजूला, स्टेशनजवळ न्या म्हणणारे दुसऱ्या. दोन्हीकडचे लोक गुपचूप कासमभाऊंकडे जाऊन आले. प्रार्थनेत आमच्या बाजूचा एखादा शब्द टाका, गरिबांचा बाजार वगैरे, असं त्यांचं सांगणं. सभेच्या दिवशी कासमभाऊंनी हात वर केले आणि नेहमीचं मागून झाल्यावर म्हणाले, "मालका, माज्याकडं काही मंडळी येऊन गेली. त्येंचं काय म्हननं हाय, त्ये तुला ठावंच हाय. मी सांगत न्हाई." सगळ्यांच्या माना खाली होत्याच, त्या आणखी खाली गेल्या.

असा हा माणूस. लोकांना वाटे, याचं स्वतःचं कुणाशी वाकडं असणंच शक्य नाही. मलाही तसंच वाटायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमाराची गोष्ट. म्युनिसिपालिटीत मुसलमानांची एक जागा होती. तीवर बसणारे म्हातारे बेकरीवाले वारले आणि त्यांच्या जागी मेहबूब नावाचा माणूस बिनविरोध निवडून आला. चाळिशीच्या आतला, अबोल, स्टेशनपलीकडे त्याची लाकडाची वखार. मूळचा वर चढावरच्या कुरवंड्याचा, बायको गेल्यावर गावात येऊन राहिलेला. तो कासमभाऊंचा जावई, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

सभा भरली. कासमभाऊ दारात आले. आबांनी 'सरक' म्हटलं, नाना सरकले. कासमभाऊंची नजर एकेकावरून फिरत शेवटच्या खुर्चीपाशी गेली आणि थांबली. मेहबूब उठून उभा राहिला. कासमभाऊंनी हात वर केले, मग खाली घेतले. पुन्हा वर केले, पुन्हा खाली घेतले.

"आज दुवा लागायची न्हाई," ते म्हणाले.

प्रेसिडेंटांनी विचारलं, का? कुणाचा अबोला आहे?

"माजा," कासमभाऊ म्हणाले, आणि पायऱ्या उतरून निघून गेले.

त्या दिवशी आमची सभा प्रार्थनेवाचून झाली. कायद्याने काही अडत नव्हतं. पण एका गटाराच्या विषयावर दिवेलागणीपर्यंत आम्ही एकमेकांची उणीदुणी काढत बसलो आणि गटार तिथंच राहिलं.

हकिकत मला नंतर आबा शेळक्यांनी सांगितली. कासमभाऊंना एकच मुलगी, हलिमा. आई लहानपणीच गेलेली, बापानेच वाढवलेली. कुरवंड्याला मेहबूबच्या घरी दिली. ऐन पावसाळ्यात तिला ताप भरला, आठवडाभर ती अंथरुणाला होती, आणि मेहबूबने सासऱ्याला निरोप धाडला नाही. कळलं तेव्हा सगळं संपलं होतं. ओढ्याला पूर, मयतीचा निरोप घेऊन निघालेला माणूस खोळंबलेला. कासमभाऊ वर पोचायच्या आत माती देऊन झाली होती. त्या दिवसापासून ते जावयाशी बोलले नाहीत आणि कुरवंड्याची वाट पुन्हा चढले नाहीत.

वकीलसाहेबांनी सांगून टाकलं की पुढच्या सभेलाही कासमभाऊ आले नाहीत, तर प्रार्थना कामकाजातून काढून टाकू. फार वर्षं चालली, झालं तेवढं पुरे. त्यांचं चुकत नव्हतं. पण मला, जिने देवापुढे कधी धड हात जोडले नाहीत तिला, रडू यायचं बाकी राहिलं. मेहबूब माझ्याकडे शाळेत आला. मान खाली घालून म्हणाला, मामांना माझ्यामुळे उभं राहवत नसेल तर मी राजीनामा देतो, तुम्ही त्यांना सांगा.

मी सांगायला गेले, तर कासमभाऊंच्या दारात आबा आणि नाना शेळके दोघेही बसलेले. एका वाटेने बरोबर आले होते की काय, मी विचारलं नाही. मी मेहबूबचा निरोप सांगितला.  कासमभाऊ म्हणाले, "न्हाई. त्येला लोकांनी बसवलाय. माज्यापायी त्येनं उटायचं न्हाई."

मी म्हटलं, मग तुम्हीच या. एक शब्द तर बोलायचा. तुम्हीच सांगत होतात ना, काहीही बोला म्हणून?

"तेच तर, बाई," ते म्हणाले. "इतकी वर्सं लोकांस्नी सांगत आलो, एक शबुद तर हाय. मला वाटायचं, हलका असतोय. ह्या दोगांस्नी मी उभ्या उभ्या बोलाया लावलं. आता माज्या तोंडातनं निगंना, तवा कळलं, मी काय मागत हुतो."

नाना शेळके पुढे झाले आणि त्यांनी म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.  येतो, असं काही कासमभाऊ म्हणाले नाहीत.

पुढच्या सभेला गावातले लोक पायऱ्यांपर्यंत उभे होते. मेहबूब आधीच येऊन बसला होता, आणि त्याने आपली खुर्ची बरोबर दारातल्या वाटेत ओढून घेतली होती. मला क्षणभर कळेना. मग कळलं. म्हाताऱ्याला आत यायचं तर 'सरक' म्हणावं लागेल, म्हणजे त्याला शब्द शोधायला नको, म्हणून त्याने ती वाट अडवून ठेवली होती.

कासमभाऊ आले. धुतलेलं मुंडासं होतं. खुर्चीपाशी थांबले. मेहबूब उभा राहिला. आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होतो. नाना शेळक्यांचे तर ओठही हलत होते, जणू तो शब्द ते म्हाताऱ्याला पुरवत होते.

कासमभाऊ 'सरक' म्हणाले नाहीत. फार हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी विचारलं, "ती शेवटाला काय बोलली रं?"

मेहबूबने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. 

"बाला कळवू नगा म्हनली, मामा. म्या दोनदा निगालो हुतो तुमाला आनाया. दोनी टायमाला तिनं हात धरला. बाला धाप लागती, पावसाचा चढ चढून येईल आन् वाटंतच पडंल म्हनली. मी बरी झाली की जाईन खाली, म्हनली."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलंच न्हाई," मेहबूब म्हणाला. "आन् म्या सांगितलं असतं, तर तुमी तिच्यावर रागावला असता. माज्यावर रागावला, तेच बरं हुतं."

 कासमभाऊंनी एका हाताने त्याच्या खुर्चीची पाठ धरली.  मग त्यांनी हात वर केले. ओठ हलले, पण त्या दिवशी ते मालकाकडे काय मागत होते ते आमच्यापैकी कुणालाही ऐकू आलं नाही. कुणी मोठ्याने म्हणा असंही म्हटलं नाही. वकीलसाहेब डोळ्यांना रुमाल लावून नाक शिंकरल्याचं सोंग करत होते. मी सोंगही केलं नाही. मग कासमभाऊ नेहमीसारखे बाहेर जाऊन बाकड्यावर बसले आणि आम्ही गटार मंजूर केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. निघण्याआधी मोठ्या मुलींना घेऊन मी कुरवंड्याच्या वाटेने सहलीला गेले होते. पाऊस नुकताच उघडला होता. पहिला चढ संपतो तिथं वळणावर कासमभाऊ दिसले. मेहबूब त्यांच्या चार पावलं पुढे होता. तो थोडं चाले आणि थांबून झाडं न्याहाळत उभा राही, जशी काही ती त्याला वखारीसाठी विकत घ्यायची आहेत. मागे वळून बघत नव्हता, हात देत नव्हता. म्हातारा येऊन पोचला की मग पुढे निघायचा.

मला बघून कासमभाऊ एका दगडावर टेकले. छाती भात्यासारखी चालली होती, त्यामुळे बोलायला जरा थांबावं लागलं.

"पोरीकडं चाललोय," ते म्हणाले.

इतका चढ तुम्हाला झेपेल का, असं मी विचारलं.

"ती बी तेच म्हनली हुती," कासमभाऊ म्हणाले, आणि गुडघ्यावर हात रोवून उठले. "पन बापानं कदी पोरीचं ऐकलंय व्हय, बाई?"

पुढे मेहबूब झाडं बघत थांबला होता.